गुलामगिरी, अस्पृश्यता आणि ‘कारणां’चा वाद : महाडचे तळे आणि अमेरिकेची यादवी

महाडहून रायगडाकडे निघालेला प्रवासी गडाच्या पायथ्याशी पाचाडला थांबतो. राजमाता जिजाऊंचा वाडा आणि त्यांची समाधी या गावात आहे. राज्याभिषेकाचा सोहळा पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी येथेच देह ठेवला. वाड्याच्या आवारात ‘तक्क्याची विहीर’ आहे. विहिरीच्या काठी टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या असून, पाण्याला येणाऱ्या बायामाणसांची विचारपूस येथे बसून होत असे, असे परंपरा सांगते. याच पाचाडपासून वीसपंचवीस किलोमीटरवर महाडचे चवदार तळे आहे. त्या तळ्याचे पाणी माणसांच्या एका मोठ्या समूहाला १९२७पर्यंत वर्ज्य होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडची परिषद आटोपल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह रायगड पाहण्यास गेले, ते याच परिसरातून.

महाडच्या लढ्याची हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु या लढ्याचे अमेरिकेतील गुलामगिरीविषयीच्या आणि तेथील यादवी युद्धाविषयीच्या वादाशी असलेले नाते तितकेसे परिचित नाही. जोतीराव फुले यांच्यापासून आंबेडकरांपर्यंत महाराष्ट्रातील विचारवंतांनी अमेरिकेतील संघर्षाकडे आरशासारखे पाहिले. अन्यायाचे खरे कारण कोणते, त्यावर कोणती पांघरुणे घातली जातात आणि कायदा झाल्यावर काय उरते, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. त्या प्रश्नांचा हा परिचय.

संज्ञांचा अर्थ

या चर्चेत तीन संज्ञांची सरमिसळ होते. ‘गुलामगिरी’ म्हणजे एका माणसावर दुसऱ्या माणसाची कायद्याने मान्य केलेली मालकी. गुलाम विकता येतो, गहाण टाकता येतो, वारसाहक्काने मिळतो. ‘वंशवाद’ म्हणजे माणसांचे जन्मजात वंश असून त्यांत उच्चनीचता आहे, असा समज आणि त्यावर आधारलेली वागणूक. ‘अस्पृश्यता’ म्हणजे जन्माने ठरलेल्या जातीमुळे काही माणसांचा स्पर्श, सावली वा पाणी विटाळकारक मानणे. पहिली संस्था मालमत्तेची, दुसरी समजुतीची आणि तिसरी धर्मरूढीची, असे ढोबळमानाने म्हणता येईल. प्रत्यक्षात मात्र त्या एकमेकींना आधार देत आल्या आहेत. अमेरिकेत गुलामगिरी टिकविण्यासाठी वंशवादाचा उपयोग झाला. गुलामगिरी गेल्यावर वंशवाद राहिला आणि त्याने नवे कायदे घडविले.

अमेरिकेची यादवी : कारण कोणते?

अमेरिकेच्या १८६०च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलामांची नोंद आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीत अब्राहम लिंकन विजयी झाले. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा प्रसार होऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या पक्षाची भूमिका होती. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना हे राज्य संघराज्यातून फुटले. एकूण अकरा राज्ये त्या वाटेने गेली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि चार वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

युद्ध संपल्यावर त्याच्या कारणाविषयीचा वाद सुरू झाला. दक्षिणेतील पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी असे मांडले, की हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, ते राज्यांच्या स्वायत्ततेसाठी होते. कोणी जकातीचा प्रश्न पुढे केला, कोणी दक्षिणेच्या जीवनपद्धतीचा. हे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले आणि पुतळ्यांच्या रूपाने चौकाचौकांत उभे राहिले.

या वादाचा निवाडा करण्याचा सोपा मार्ग आहे. पराभवानंतर लिहिलेली समर्थने बाजूला ठेवावीत आणि फुटताना त्या राज्यांनी स्वतः काय लिहिले होते, ते वाचावे. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे सांगितले आहे. दक्षिण कॅरोलायनाची मोठी तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून गेलेले गुलाम परत करीत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपली स्वायत्तता वापरली, हाच आक्षेप! दक्षिणेच्या संघाने मार्च १८६१मध्ये जी राज्यघटना स्वीकारली, तिच्यात गुलामांवरील मालकी हिरावणारा कायदा करण्यास स्पष्ट मनाई होती. त्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे भाषण केले. कृष्णवर्णीय हा गौरवर्णीयाच्या बरोबरीचा नाही, या तत्त्वावर आमच्या राज्याची कोनशिला बसली आहे, असा त्याचा आशय होता. याच स्टीफन्सनी युद्धानंतर दोन खंडांचा ग्रंथ लिहून तो सगळा घटनेच्या अर्थाचा वाद होता, असे प्रतिपादन केले. माणूस तोच, विषय तोच. मधल्या काळात पराभव झाला होता, इतकाच फरक.

तथापि येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. दक्षिण का फुटली, हा एक प्रश्न आणि उत्तर का लढली, हा दुसरा. दक्षिण गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटली. उत्तर मात्र आरंभी संघराज्य टिकविण्यासाठी लढत होती. २२ ऑगस्ट १८६२च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात संपादक होरेस ग्रीली यांना लिंकन यांनी कळविले, की संघराज्य वाचविणे हे आपले मुख्य ध्येय असून गुलामगिरीविषयीचे धोरण त्यावरूनच ठरेल. १ जानेवारी १८६३च्या मुक्तीच्या घोषणेने युद्धाचे स्वरूप पालटले. ती घोषणा बंडखोर प्रदेशांपुरतीच होती, तरी तिच्यामुळे कृष्णवर्णीयांना उत्तरेच्या सैन्याची दारे उघडली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक त्यात दाखल झाले. डिसेंबर १८६५मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली.

मुंबईच्या बाजारातील पडसाद

या युद्धाची झळ आणि झळाळी मुंबई इलाख्यालाही लागली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरात येऊ लागला. बॅक बेच्या भरावाच्या कंपन्यांचे समभाग वारेमाप चढले. १८६५मध्ये युद्ध थांबल्याची वार्ता आली आणि हा फुगा फुटला. व्यापाऱ्यांचा संबंध कापसाच्या भावाशी होता. तो कापूस वेचणाऱ्या माणसाशी आपले नाते सांगणारा ग्रंथ मराठीत निघण्यास आणखी आठ वर्षे जावी लागली.

फुले यांची ‘गुलामगिरी’

तो ग्रंथ म्हणजे जोतीराव फुले यांची १८७३मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’. सत्यशोधक समाजाची स्थापनाही त्याच वर्षीची, २४ सप्टेंबरची. फुले यांनी हा ग्रंथ गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथाने शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले. या नामकरणात मोठी वैचारिक उडी आहे. जी स्थिती तोवर धर्म, कर्म वा दैव या शब्दांनी सांगितली जात होती, ती माणसांनी निर्माण केलेली आहे आणि म्हणून माणसांना मोडता येईल, असे त्यातून सूचित झाले. बाहेरून आलेल्या आर्यांनी येथील मूळच्या रहिवाशांना जिंकून दास केले, अशी फुले यांची उपपत्ती होती. म्हणजेच त्यांच्या विवेचनात जातीचे मूळ वंशसंघर्षात होते.

आपल्याकडील गुलामांचा व्यवहार

गुलामगिरी ही केवळ अमेरिकेची गोष्ट, असे समजण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांनी कर्नाटकच्या स्वारीत १६७७मध्ये डचांना जे करारपत्र दिले, त्यात स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास मनाई केली होती. हा हुकूम महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. परंतु पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीचे उल्लेख आढळतात, हेही तितकेच खरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १८४३च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील मालकी मानण्याचे थांबविले. पुढे भारतीय दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. अस्पृश्यतेला मात्र या कायद्यांचा स्पर्श झाला नाही. कारण अस्पृश्याचा कोणी मालक नव्हता. त्याला विकत घेतलेले नव्हते. त्याला फक्त दूर ठेवले होते.

दासगाव आणि महाड

महाडजवळ सावित्रीच्या खाडीवरील दासगाव हे बंदर. फौजेतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची येथे वस्ती होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतील अग्रणी. फौजेतून परतल्यावर त्यांनी १८८८मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराविषयी धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. १८९५मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्यासोबत बसण्यास इतर सभासदांनी हरकत घेतली. अमेरिकेप्रमाणे येथेही बंदूक खांद्यावर घेतलेल्या माणसांतूनच बरोबरीच्या हक्काची मागणी प्रथम जोर धरताना दिसते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये चवदार तळे खुले केले. पण कागदावर खुले झालेले पाणी ओंजळीत आले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रा. बा. मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गं. नि. सहस्रबुद्धे आदी कार्यकर्त्यांचा या चळवळीत पुढाकार होता. त्यांतील कित्येक जण स्पृश्य समाजातील होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. २० मार्चला आंबेडकर प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि सर्वांनी पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा यांचा बेत आहे, अशी आवई उठली आणि प्रतिनिधींना मारहाण झाली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठरावही रद्द केला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद बोलाविण्यात आली. आंबेडकर बोटीने दासगावला उतरले आणि सत्याग्रहींसह महाडला आले. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली.

दिवाणी दावा : मालमत्ता की विटाळ?

या सर्व प्रकरणात इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत बोलका वाटणारा भाग न्यायालयात घडला. परिषदेपूर्वी, १२ डिसेंबर १९२७ रोजी, काही स्पृश्य नागरिकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात आंबेडकर व इतरांविरुद्ध दावा लावला. तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे वादींचे म्हणणे होते. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. न्यायालयाचा मान राखण्यासाठी आंबेडकरांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम तहकूब केला.

येथे अमेरिकेतील वादाशी असलेले साम्य स्पष्ट होते. तेथे गुलामगिरीचे रक्षण ‘राज्यांचा अधिकार’ या नावाने झाले. येथे विटाळाचे रक्षण ‘मालमत्तेचा अधिकार’ आणि ‘वहिवाट’ या नावाने करण्यात आले. दोन्ही ठिकाणी पुढे केलेली कारणे प्रतिष्ठित होती आणि कायद्याच्या भाषेत बसणारी होती. पण कारण खरे की खोटे, हे ओळखण्याची कसोटीही दोन्ही ठिकाणी एकच आहे. ते कारण सर्वांना सारखे लावले जाते काय? तळे खाजगी म्हणावे, तर त्याचे पाणी परधर्मीयांना चालत होते. स्वच्छतेचा प्रश्न म्हणावा, तर जनावरांना त्या पाण्याची बंदी नव्हती. बंदी होती ती केवळ अस्पृश्य मानलेल्या माणसांना. राज्यांच्या स्वायत्ततेचे तत्त्व जसे पळालेल्या गुलामाचा प्रश्न येताच गळून पडले, तसेच मालकीचे हे तत्त्वही.

दावा दहा वर्षे चालला. महाडच्या आणि ठाण्याच्या न्यायालयांत वादींविरुद्ध निकाल लागल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांनी अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. या निकालाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. माणसे समान आहेत म्हणून तळे खुले, असे न्यायालयाने म्हटले नाही. पुरावा अपुरा म्हणून वहिवाट अमान्य, इतकेच म्हटले. समतेचे तत्त्व कायद्यात यायला राज्यघटना यावी लागली.

आंबेडकरांनी केलेली तुलना

आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. अमेरिकेतील वंशभेद त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे लाला लजपतराय यांनी ‘अनहॅपी इंडिया’ या ग्रंथात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती अस्पृश्यांहून वाईट असल्याचे मांडले. त्या युक्तिवादाला आंबेडकरांनी आपल्या लेखनात सविस्तर उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला खाऊपिऊ घालण्यात, हुन्नर शिकविण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणावरच नसते. शिवाय गुलामाला आपली बेडी दिसते, अस्पृश्यतेची बेडी अदृश्य असते. गुलामगिरी बरी होती, असे अर्थातच त्यांना म्हणायचे नव्हते. ‘आमचे दुष्कृत्य तुमच्याहून लहान’ या सबबीतील फोलपणा त्यांना दाखवायचा होता.

यादवी युद्धाच्या कारणांचाही त्यांनी विचार केला होता. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या १९४५च्या ग्रंथात त्यांनी लिंकन यांच्या ग्रीली यांना लिहिलेल्या पत्राचा आधार घेतला. लिंकन यांच्या दृष्टीने जसे संघराज्य आधी आणि गुलामांची मुक्ती नंतर, तसे गांधीजींच्या दृष्टीने स्वराज्य आधी आणि अस्पृश्यांचा प्रश्न नंतर, अशी तुलना त्यांनी केली. युद्धात कृष्णवर्णीयांची मदत घेऊन पुढे त्यांना वाऱ्यावर सोडले गेले, हा इशारा त्यांना आपल्या लोकांना द्यायचा होता. गांधीजींविषयीच्या त्यांच्या मताबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. परंतु मोठ्या ध्येयाच्या सावलीत दुर्बलांचा प्रश्न दुय्यम ठरतो, हे त्यांचे निरीक्षण अमेरिकेच्या इतिहासाने खरे ठरविले आहे. १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाची माहिती मागविली. द्यू बॉइस यांनी त्यास सहानुभूतीचे उत्तर दिले. पुढे १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले.

जात म्हणजे वंश काय?

या प्रश्नावर फुले आणि आंबेडकर यांच्यात अंतर आहे. जातीचे वा अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, ही उपपत्ती आंबेडकरांनी नाकारली. १९१६चा जातिसंस्थेवरील निबंध आणि १९४८चा अस्पृश्यांवरील ग्रंथ, दोहोंत त्यांची ही भूमिका दिसते. दर्बान येथे २००१मध्ये झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत हाच प्रश्न उपस्थित झाला. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय या व्यासपीठावर नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. दलित संघटनांचे म्हणणे असे, की मूळ वेगळे असले तरी जन्मावरून होणारा भेद सारखाच आहे. २००२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश होतो, असे मत नोंदविले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून भेदभावास मनाई केली. कॅलिफोर्नियात तशा आशयाचे विधेयक विधिमंडळात संमत झाले, परंतु ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यपालांनी ते नामंजूर केले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा वाद आता दूरचा राहिलेला नाही.

कायद्यानंतर

अमेरिकेत गुलामगिरी गेली, पण १८९६च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या सूत्राने वंशभेदाला मान्यता दिली. शाळांपुरते ते सूत्र मोडण्यास १९५४ साल उजाडले. यादवीच्या कारणांविषयीचा वाद आजही तेथे शमलेला नाही. टेक्सासच्या शिक्षण मंडळाने गुलामगिरीच्या प्रसाराला युद्धाच्या कारणांत मध्यवर्ती स्थान दिले, ते २०१८मध्ये. सेनापती ली यांचा रिचमंडमधील भव्य पुतळा हटविला गेला, तो २०२१मध्ये.

आपल्या राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नामोल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात तलावासारखा साधा शब्द का आला, हे महाडचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही. १९५५चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही त्यापुढील पावले होत. एका कायद्यानंतर दुसरा कायदा करावा लागला, यातच पहिल्याची अपूर्तता दिसते.

रायगड पाहण्यास येणाऱ्या शाळांच्या सहली पाचाडला थांबतात. महाडला मात्र अनेकदा बस थांबते ती जेवणापुरती. चवदार तळे आणि मनुस्मृतिदहनाच्या जागेवरील क्रांतिस्तंभ हे दोन्ही तेथून हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे गेलेल्या विद्यार्थ्याने ‘हे का घडले?’ असे विचारले, तर ‘पाण्यासाठी’ हे उत्तर अपुरे आहे आणि ‘मालकीच्या वादामुळे’ हे उत्तर चुकीचे. माणसाला माणूस मानण्याच्या प्रश्नावर ते घडले, हे त्याला कळले पाहिजे. २० मार्च २०२७ ही त्या घटनेच्या शताब्दीची तारीख आहे.